बटण दाबलं, पण टेप ऐकेना

डॅशबोर्डमध्ये टेपसाठी किती मापाची खाच ठेवायची, हे जगाने कधीच ठरवून टाकलं. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. या जर्मन मापाला ‘डिन’ म्हणतात आणि दुप्पट उंचीच्या खाचेला ‘डबल डिन’. टेपमागच्या तारांचंही बऱ्यापैकी जमलेलं आहे. बाहेरून घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक टेपची पिवळी तार कायमच्या बारा व्होल्टची, लाल तार चावीनंतरच्या करंटची आणि काळी अर्थची असते. ठरलं नाही ते एकच: स्टिअरिंगवरच्या बटणाने टेपला ‘आवाज वाढव’ कसं सांगायचं? इथे प्रत्येक गाडी कंपनीने आपापली रीत काढली. काहींनी तर एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलला दोन वेगळ्या रीती दिल्या. कंपनीची बटणं आणि बाहेरचा टेप यांच्यामध्ये काडेपेटीएवढं एक खोकं बसवावं लागतं ते यामुळेच. कोणी त्याला अडॅप्टर म्हणतं, कोणी इंटरफेस, कोणी कॅन बॉक्स.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला आणि गाड्यांच्या पाटीवर एमएच-३८ आलं. त्या पाटीच्या गाड्यांत हे खोकं आता नवलाचं राहिलेलं नाही. मधलं मॉडेल घ्यायचं, शोरूममधल्या महाग टेपचे पैसे वाचवायचे आणि बाहेरून नऊ इंची अँड्रॉइड बसवून घ्यायचा, हा व्यवहार हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीत सगळ्यांना पटतो. जुनी गाडी पुण्याहून किंवा नांदेडहून आणलेली असली तर आधीच्या मालकाने तारा कापून ठेवलेल्या असतात, ते वेगळंच. मग दुकानाच्या दारात गाडी लागते आणि तक्रार एकच: “मिस्त्री, टेप मस्त वाजतोय, ष्टेरिंगची बटनं तेवढी चालंनात.” मिस्त्रीचं उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: “खोकं गेलं भाऊ, दुसरं टाकू.”

खोकं क्वचितच जातं. या लेखात मला मुख्यतः एवढंच म्हणायचं आहे. दोष बहुतेक वेळा खोक्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो. तो कुठे आहे ते अंदाजाने कळत नाही, मोजूनच कळतं.

आधी बटणं बोलतात कशी ते पाहू. जुन्या आणि साध्या गाड्यांत रीत सोपी आहे. सगळ्या बटणांना मिळून एक किंवा दोन तारा असतात आणि प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रोध, म्हणजे रेझिस्टर. टेप त्या तारेवर हलकासा करंट सोडून ठेवतो. बटण दाबलं की तार त्या रोधातून अर्थला टेकते आणि तारेवरचे व्होल्ट खाली येतात. किती खाली आले यावरून टेप बटण ओळखतो. अँड्रॉइड टेपमागे ‘की-१’, ‘की-२’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या तारा असतात त्या याच कामाच्या. या गाड्यांना खरं तर खोकं लागतच नाही. टेपच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण शिकवायचं, दुकानात ज्याला ‘लर्निंग’ म्हणतात ते, की काम झालं. तरीही खोकं विकलं जातं, हे ग्राहकाला ठाऊक असलेलं बरं.

सर्वांत जास्त तक्रारी या साध्या रीतीतच येतात आणि त्यांतली सर्वांत चक्रावणारी अशी: आवाज वाढवायला बटण दाबलं तर गाणं बदलतं. ग्राहकाला वाटतं टेपला भूत लागलं. हिशेब केला तर भूत लगेच उतरतं. समजण्यापुरते आकडे घेऊ. टेपच्या आत एक किलोओहमचा रोध आणि त्यामागे पाच व्होल्ट आहेत. ‘आवाज वाढव’ या बटणाचा रोध १०० ओहम आणि ‘पुढचं गाणं’ या बटणाचा २००. पहिलं दाबलं की टेपला ०.४५ व्होल्ट दिसतात, दुसरं दाबलं की ०.८३. आता वाटेतल्या एका सैल जोडामुळे ८० ओहम वाढले. पहिल्या बटणाचे १०० चे १८० झाले, व्होल्ट ०.७६ वर गेले. टेपच्या लेखी हे दुसऱ्याच बटणाच्या जवळचं आहे, म्हणून तो बिचारा गाणं बदलतो. त्याची चूक काहीच नाही.

अशा वेळी दुकानात पुन्हा लर्निंग करून देतात. टेप बिघडलेल्या जोडासकट नवे आकडे शिकतो आणि चार दिवस सगळं सुरळीत चालतं. जोड आणखी ढिला झाला की पुन्हा तेच. एखाद्या गाडीला दर महिन्याला लर्निंग करावं लागत असेल, तर तो टेपचा विसरभोळेपणा नसून तारेतला दोष आहे असं समजावं. लर्निंगने दोष जात नाही, झाकला जातो.

हा जोड ढिला का होतो? आपल्याकडे दोन तारा सोलून एकमेकींना पिळायच्या आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळायची, ही सर्रास पद्धत आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात बाहेरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. चिकटपट्टीचा गोंद पाझरतो, पट्टी सुटते, पीळ उघडा पडतो. मृग लागला की त्यावर दमट हवा बसते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. त्यात खडबडीत रस्त्याचे धक्के. शेतातल्या आखाड्यावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात, त्यांना तारांचं वेष्टण फार आवडतं. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे: जोडाला डाग द्यावा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नाहीतर नीट दाबून बसवलेले लग वापरावेत. याहून चांगलं म्हणजे त्या गाडीसाठी तयार मिळणारा कपलर घ्यावा, म्हणजे मूळ तार कापावीच लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत डाग द्यायचं सामान ढिगाने मिळतं. आपल्याकडेही मोटार वाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात ते असतं. वेळ तेवढा लागतो, आणि दुकानदार नेमका तोच वाचवतो.

दुसरं मोठं कारण अर्थचं. बटणांची स्वतःची अर्थची तार असते. टेप बसवताना ती सोडून दिली आणि टेपची काळी तार डॅशबोर्डमधल्या एखाद्या रंग लावलेल्या स्क्रूला टेकवली, तर दोन अर्थांमध्ये थोडा फरक राहतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री हेडलाइट लावले, पंखा मोठा केला की करंट वाढतो, फरकही वाढतो आणि बटणांचे व्होल्ट सरकतात. ‘दिवसा चालतात, रात्री चालत नाहीत’ अशी तक्रार आली तर खोक्याकडे पाहूच नये, आधी अर्थ तपासावी. स्क्रूखालचा रंग घासून काढला आणि बटणांची अर्थ व टेपची अर्थ एकाच ठिकाणी आणली, तर बरेचदा प्रश्न तिथेच संपतो. जाता जाता एक गैरसमजही सांगतो. बटणांतला बारीक दिवा लागतो म्हणजे बटणांपर्यंत ‘करंट येतोय’, असं बरेच जण धरून चालतात. तो दिवा गाडीच्या पार्किंग लाइटच्या तारेवर चालतो. तो लागला याचा निरोपाच्या तारेशी काही संबंध नाही.

मोजायचं कसं? तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. टेपचा कपलर काढावा, मीटर ओहमवर ठेवावा, एक टोक बटणांच्या तारेला आणि दुसरं बटणांच्या अर्थला लावावं. एकेक बटण दाबावं. प्रत्येक बटणाला वेगळा आकडा आला पाहिजे आणि बटण दाबून धरलं असताना तो जागेवर राहिला पाहिजे. मग बटण दाबूनच ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला सांगावं. त्यासाठी चावी स्टिअरिंगचं कुलूप सुटेल एवढीच फिरवावी. फिरवताना आकडा उडाला तर दोष स्टिअरिंगच्या आत आहे. नाही उडाला तर बटणं आणि त्यांची तार ठीक आहेत. पुढे खोकं आणि टेप बघायचा. एवढ्या तपासणीने अर्धा गोंधळ मिटतो आणि तिला चहा थंड व्हायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. मोजण्यावरून आठवलं, हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या रुंदीहून बारीक फरक मोजणारं ते यंत्र. त्याच जिल्ह्यात आपण दीड-दोन हजारांचं खोकं मीटर न लावता बदलतो, हे मला जरा खटकतं.

स्टिअरिंगच्या आत काय असतं, तेही सांगायला हवं. चाक फिरतं आणि तारा तर तुटता कामा नयेत, म्हणून आत एक पातळ पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. बटणांचे निरोप, बऱ्याच गाड्यांत हॉर्न, आणि एअरबॅग, सगळे याच पट्टीतून जातात. त्यामुळे बटणं बंद पडली, हॉर्नही कधी वाजतो कधी नाही आणि मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागला, असं तिन्ही एकदम झालं तर टेपवाल्याकडे जाण्यात अर्थ नाही. पट्टी तुटली आहे. उलट खालच्या मॉडेलच्या गाडीत कोणी वरच्या मॉडेलची बटणं हौसेने बसवली असतील, तर पट्टीत त्या बटणांच्या तारा मुळातच नसण्याची शक्यता असते. तिथे दोष शोधत बसणं व्यर्थ आहे. वरच्या मॉडेलची पट्टी टाकल्याशिवाय इलाज नाही.

इथे एक ताकीद आहे आणि ती मी मऊ करणार नाही. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे बनणाऱ्या प्रत्येक कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ अखेरपासून शेजारच्या सीटसाठीही. म्हणजे अलीकडच्या कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगमध्ये स्फोटाने फुगणारी पिशवी आहे. तिच्या तारांचे कपलर बहुधा पिवळे असतात. त्यांना मीटरचं टोक लावायचं नाही, टेस्ट लॅम्प तर नाहीच नाही. स्टिअरिंग उघडायचं असेल तर बॅटरी सोडून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं, आणि हे काम ज्याने शिकून केलं आहे त्यानेच करायचं. गाण्याच्या बटणापायी तोंडावर एअरबॅग फोडून घेणं परवडणारं नाही.

दुसरी रीत नव्या आणि महाग गाड्यांची, कॅनची. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ साली डेट्रॉइटमध्ये मांडली, १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि १९९३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानक मिळालं. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून इंजिन, ब्रेक, दरवाजे, मीटर आणि बटणं, सगळ्यांचे निरोप आकड्यांच्या रूपात धावतात. इथे बटणामागचा रोध मोजून टेपला काही मिळत नाही. निरोप वाचणारं खोकं खरोखरच लागतं आणि त्याला त्या गाडीची भाषा यावी लागते.

कॅन गाडीत बटणं चालत नसतील, तर पहिला संशय सेटिंगवर घ्यावा. अँड्रॉइड टेपमध्ये एका गुप्त क्रमांकामागे ‘फॅक्टरी सेटिंग’ दडलेलं असतं. तिथे कॅन बॉक्सची कंपनी, गाडी आणि तिचं मॉडेल निवडायचं असतं. हायवर्ल्ड, रेझ वगैरे चिनी कंपन्यांची खोकी वेगवेगळी बोलतात. खोकं एकाचं आणि यादीत निवड दुसऱ्याची झाली, तर सगळ्या तारा बरोबर असूनही बटणं मुकी राहतात. टेपचं सॉफ्टवेअर अपडेट केलं की ही निवड पुसली जाऊ शकते. ‘अपडेट केलं आणि बटणं गेली’ म्हणणाऱ्याने खोकं विकत घेण्याआधी ही यादी उघडावी. दुकानदाराकडून तो क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. दुकानदार तो सांगायला का कचरतात हे मला आजवर समजलेलं नाही.

तारांची शंका असेल तर बॅटरी सोडून कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजता येतो. हाय-स्पीड कॅनमध्ये दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, त्यामुळे आकडा ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना टेकल्यात. आणि खोकं जोडल्यावर मीटरवर एबीएसचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला, तर हात तिथेच थांबवावा आणि खोकं काढावं. त्या दोन तारांवर नुसती गाणी नाहीत, ब्रेकही आहेत.

कॅन गाड्यांची आणखी एक खोड आहे आणि तिचा त्रास बटणांपेक्षा मोठा आहे. यांतल्या काही गाड्यांत टेपसाठी चावीच्या करंटची वेगळी तारच नसते. चावी फिरली हे खोक्याने कॅनवर वाचायचं आणि टेपला करंट द्यायचा. खोक्याची निवड चुकली तर गाडी बंद करूनही टेप जागाच राहतो. पडदा काळा दिसतो, पण आतून करंट चालू असतो. बंद गाडीने साधारण ५० मिलिॲम्पिअरहून जास्त ओढू नये, असा ढोबळ नियम आहे. टेपने ३०० ओढले तर ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी पाच दिवसांत पूर्ण रिकामी होते आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी उचलत नाही. हळद काढणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर दारात उभी राहते आणि मग बॅटरीवाल्याला शिव्या बसतात. टेप बसवून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी हा करंट मोजून घ्यावा. याच्याच जवळची तक्रार म्हणजे प्रत्येक वेळी गाडी चालू केल्यावर टेप सगळं विसरतो. तिथे बहुतेकदा पिवळी आणि लाल तार अदलाबदल झालेली असते. काही युरोपीय गाड्यांच्या मूळ कपलरमध्ये या दोन जागा उलट्या असतात, त्यामुळे कपलर बसला तरी जोडणी चुकते.

ब्रँडेड टेपवाल्यांचा प्रकार निराळा. पायोनियरच्या आणि सोनीच्या बऱ्याच टेपांना मागे हेडफोनच्या पिनसारखी एक जागा असते, केनवूड आणि जेव्हीसीला निळी-पिवळी तार असते. अमेरिकेत ‘पॅक’ किंवा मेट्रा कंपनीची ‘ॲक्सेस’ या नावाची खोकी याच टेपांसाठी विकली जातात. ती गाडीची आणि टेपची ओळख स्वतः करून घेतात आणि आतल्या दिव्याच्या लुकलुकण्यातून ती सांगतात. तो दिवा ही फुकट मिळालेली तपासणी आहे. बटण दाबलं की दिवा लुकलुकत असेल तर गाडीकडची बाजू ठीक, दोष टेपकडच्या तारेत; दिवा ढिम्म असेल तर उलट. मात्र ही खोकी मागवण्याआधी आपल्या भारतीय मॉडेलचं नाव त्यांच्या यादीत आहे का, ते पाहून घ्यावं. राहिले स्टिअरिंगला पट्ट्याने बांधायचे वायरलेस रिमोट. स्वस्त आहेत, तार कापावी लागत नाही. सेल संपतो तेव्हा नवा टाकायचा. स्टिअरिंगवर बटणं नाहीतच अशा गाडीसाठी मला ते वाईट वाटत नाहीत, फक्त पट्टा फिरणाऱ्या हाताच्या आड येऊ नये.

या विषयावर तीन मतं ऐकू येतात. शोरूमवाले म्हणतात, बाहेरचं काही लावूच नका, वॉरंटी जाईल. यात थोडं तथ्य आणि पुष्कळ धाक आहे. कापलेल्या तारेमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही हे खरं. पण तार न कापता कपलरवर बसवलेला टेप पुन्हा काढून मूळ जोडणी आहे तशी परत करता येते. दुकानदार म्हणतात, इतक्या वर्षांचा हात आहे, मीटर कशाला? हाताचा अनुभव मी नाकारत नाही. जुन्या जीपमध्ये तो पुरत होता. रोधाच्या आणि कॅनच्या गाडीत पुरत नाही. तिसरं मत व्हिडिओ पाहून तयार झालेल्या तरुणांचं, की सगळं लर्निंगने सुटतं. ते का सुटत नाही, हे वर आलंच आहे. तिघांत मला मिस्त्रीच जवळचा वाटतो, कारण त्याला फक्त एक मीटर आणि थोडा धीर हवा आहे.

पैशांची बाजू थोडक्यात. टेप महाग असेल तर विम्यात तो स्वतंत्र दाखवावा लागतो. मोटार टॅरिफमधलं आयएमटी-२४ हे कलम इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक जोडसामानासाठीच आहे. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर टेपचे पैसे मागता येत नाहीत. दुकानाचं पक्कं बिल घ्यावं. त्याशिवाय ग्राहक आयोगापुढे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलायला हातात काही राहत नाही.

दुकानदारांना एक विनंती करतो, कारण निम्मा प्रश्न त्यांच्याच हातात आहे. टेप बसवून झाला की एका चिठ्ठीवर लिहा: बटणांची तार कोणत्या रंगाची, अर्थ कुठे घेतली, खोकं कोणत्या कंपनीचं, फॅक्टरी सेटिंगचा क्रमांक काय. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेपमागेच ठेवा आणि तिचा फोटो मालकाला पाठवा. मालकांनीही गाडी ताब्यात घेताना आधी ही चिठ्ठी मागावी, मग पैसे द्यावेत.